दोन चाळीस

मंगळवार, २५ मार्च

उजवा हात, उजवा पाय — हालचाल नाही. बोलणंही नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी सकाळच्या राऊंडला सांगितलं. नंतर ड्यूटीवरच्या सिस्टरना वेगळं विचारून खात्री केली. सवय. एकतीस वर्षं जिल्हा पानाच्या डेस्कवर काढल्यावर सख्ख्या भावाची बातमीसुद्धा दोन ठिकाणांहून तपासली जाते.

सिद्रामदादा माणसं ओळखतो. मी आत गेलो की नजर माझ्याकडं वळवतो आणि तिथंच ठेवतो. तेच सहन होत नाही.

मनकर्णा वहिनी बाहेर बाकावर बसून असतात. सुमित औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन खालीवर करतो. दादाचा एकुलता एक, फार उशिरा झालेला, अकरावीपासून माझ्याच घरी वाढला, आता चोवीसचा. बायको नाशिकला लेकीकडं, तिला फोन केला. लेकीचं बाळंतपण तोंडावर आहे, म्हणून अर्धंच सांगितलं.

वहिनींना माझ्या मनगटावरचा फोड दिसला.

"कशानं भाजलं, भाऊजी?"

"चहा सांडला."

"कोरफड लावा. घरात कुंडीत हाय न्हवं?"

नवऱ्याचं अर्धं अंग गेलंय आणि ही बाई माझ्या फोडाची काळजी करते.

बुधवार, २६ मार्च

रविवारचा क्रम लिहून ठेवतो. निदान इथं तरी तो बरोबर असावा.

साडेअकरा — दादा जेवून आडवा झाला. तोवर धड होता.

एक — वहिनींनी हाक मारली. उठेना. तोंड वाकडं, लाळ गळत होती. त्यांना वाटलं फिट आली. कांदा फोडून नाकाशी धरला, तळवे चोळले.

दीड — मी पोचलो. अकलूजला एका कारखान्याचा कार्यक्रम होता, तो उरकून परत येताना टेंभुर्णीत दादाकडं सहज डोकावलो. वहिनी त्याचा सदरा बदलत होत्या. मळक्या सदऱ्यावर दवाखान्यात कसं न्यायचं, म्हणून. शेजारचा जोतीराम मोबाइल हातात धरून उभा. "१०८ लावू का?"

मी म्हणालो, "गाडी आहे की."

एक चाळीस — निघालो. दादा पुढच्या सीटवर, पट्ट्यानं बांधलेला. वहिनी मागं थांबल्या. रेशनकार्ड ट्रंकेत होतं आणि किल्ली सापडत नव्हती. "तुमी व्हा पुढं. मी कागदं घिऊन येते."

मोहोळच्या अलीकडं जळका वास आला. तापमानाच्या काट्याकडं पाहिलं. काटा मधोमध, व्यवस्थित. पुढं निघालो. मग बॉनेटमधून वाफ. थांबलो. वाटलं, दहा मिनिटांत गार होईल. तेव्हाही १०८ लावता आला असता. नाही लावला. दहा मिनिटांचीच तर गोष्ट, असं प्रत्येक दहा मिनिटांनी वाटत होतं.

रेडिएटरचं टोपण उघडायला गेलो तेव्हा दादा डाव्या हातानं पुढच्या काचेवर बडवायला लागला. मला वाटलं, त्याला त्रास होतोय. टोपण फिरवलं आणि उकळतं पाणी मनगटावर आलं. तेव्हा कळलं. चौतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. जीभ गेली तरी 'उघडू नकोस' सांगत होता.

एका ढाब्याच्या पिंपातून पाणी भरलं. ते खालून गळत होतं. पुन्हा भरलं. तीन वेळा थांबलो. चार वीसला सोलापूरला, दवाखान्याच्या दारात.

कॅज्युअल्टीतले डॉक्टर तरुण होते, भराभर लिहीत होते. सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, "टेंभुर्णीहून ना? किती?"

मी म्हणालो, "दोन चाळीस."

म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं लागली. त्यांनी लिहिलं — 'निघाले : २.४०'. मला समोरून दिसलं. जुन्या छापखान्यात काम केलंय, उलटी अक्षरं वाचता येतात. दोन चाळीसला निघून चार वीसला पोचले, हिशेब कुणालाही पटेल असा. एवढाच रस्ता आहे.

दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "जरा आधी यायला हवं होतं. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं."

तोंड मिटलं.

चूक त्यांची. पण आमच्या पेपरात 'दुरुस्ती' म्हणून छोटी चौकट असते, ती मीच लिहितो. तालुक्याचं नाव चुकलं तरी दुसऱ्या दिवशी छापतो.

शुक्रवार, २८ मार्च

गाडी दवाखान्याच्या आवारात उभी होती, खाली तांबडं थारोळं. वॉचमन कुरकुरायला लागला. टो करून होटगी रोडला प्रभुलिंग मिस्त्रीकडं नेली. दादाला घरी न्यायचं तर गाडी लागणारच. खरं सांगायचं तर ती डोळ्यांसमोरून हलवायची होती.

प्रभुलिंग अक्कलकोटकडचा. हातातल्या पान्याशी कन्नडमध्ये बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठीत. रेडिएटरच्या तोंडात बोट घातलं, बाहेर काढलं. बोटाला चिखल.

"सर, ह्यात काय घालत होता?"

"पाणी."

"कुठलं?"

"बोअरचं."

"पेपरात तुमीच छापता की, बोअरचं पाणी पिऊ नका म्हणून."

नळाला पाणी येतं पाचव्या दिवशी. ते पिण्याला, स्वयंपाकाला. गाडीला, कुंड्यांना, फरशीला बोअरचं. बारा वर्षं. आमच्या गल्लीत कुणी वेगळं करत नाही. बादलीला आतून पांढरा थर बसतो तो दर आठवड्याला दगडानं घासतो. गाडीच्या आतही बसत असेल, हे डोक्यात आलं नाही.

त्यानं दाखवलं. पाणी फिरवणाऱ्या पंपाचं बेअरिंग गेलंय, तिथून गळत होतं. होज पाईप फुगलेत. टोपणाचं रबर कडक झालंय.

"मग बदल आणि दे."

"नुसतं बदलून उपयोग न्हाय सर. आत क्षार बसलाय, गंज बसलाय. ते धुवून नाही काढलं तर नवा पंप सहा महिन्यात खातंय ते."

"किती दिवस?"

"पाणी साफ येईपर्यंत."

"तारीख सांग ना."

"तारीख तुमच्या पेपरला असती. पाण्याला कुठली?"

शनिवार, २९ मार्च

सुमितनं फाइल वाचली.

वॉर्डाबाहेर, बाकासमोर उभा राहून. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं. "आई, एकला दिसलं म्हणतेस. निघाले दोन चाळीसला. पावणेदोन तास काय करत होतीस?"

"कांदा... मला वाटलं फिट हाय. मग सदरा—"

"सदरा?"

"लई मळला होता रं."

"पावणेदोन तास सदरा बदलत होतीस."

वहिनी माझ्याकडं बघायला लागल्या. आरोप म्हणून नाही. मदत मागत होत्या. "भाऊजी, तवा किती वाजलं हुतं हो?"

आणि मी म्हणालो — नक्की लक्षात नाही.

आयुष्यभर वेळा लिहिल्या. अपघाताची, आगीची, मतदान संपल्याची. लक्षात नाही म्हणालो.

"आसंल मग," वहिनी म्हणाल्या. "कागदात लिवलंय म्हंजी आसंल. मला कुटं घड्याळाचं भान हुतं."

सुमित जिना उतरून गेला.

चूक रविवारी डॉक्टरांची होती. आजपासून माझी.

रविवार, ३० मार्च

पाडवा. पार्टची दुकानं बंद. दादाला नळीतून पेज.

मंगळवार, १ एप्रिल

दिवसभर गॅरेजमध्ये. दवाखान्यात वहिनींसमोर बसवत नाही, म्हणून.

खालचं बूच काढलं. पहिलं पाणी आलं ते कडक चहासारखं. मग खपल्या, पत्र्याच्या तुकड्यांसारख्या. घमेलं भरलं. मग त्यानं पाण्यात धुवायचं औषध घातलं, इंजिन चालू केलं आणि मला आत बसवलं. हीटर पूर्ण सोडून.

"हीटर?"

"त्याच्या नळीतलं पण निघायला पायजे."

एकेचाळीस अंश. पंधरा मिनिटं बसलो. घाम डोळ्यांत जात होता. पुसला नाही. वेडेपणा आहे, पण बरं वाटलं.

मग गाडी बंद करून थांबायचं. गार झाल्याशिवाय टोपणाला हात लावत नाही तो. माझ्या मनगटाकडं एकदा बघितलं.

दुपारी त्यानं इंजिनावरची एक वाटीसारखी झाकणी खोलली. आत काही नव्हतं. "थर्मोस्टॅट कुठाय?"

इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा तो भाग सात-आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मिस्त्रीनं काढला होता. 'सोलापूरच्या उन्हाला हा कशाला लागतो, काढू का?' मी म्हणालो होतो, काढ. तेव्हापासून काटा कायम खाली असायचा. मला वाटायचं, आपली गाडी थंड डोक्याची. लोकांना सांगायचो.

प्रभुलिंगला विचारलं, "पण त्या दिवशी काटा लालमध्ये गेलाच नाही. शेवटपर्यंत मधोमध. असं कसं?"

"जाईल कसा? काटा पाण्याचं सांगतो, इंजिनचं न्हाय. पाणी गळून काट्याच्या सेन्सरच्या खाली गेलं. मग त्याला भिडलंय काय? नुसती हवा. तो बिचारा जागेवर बसला."

वास येत होता. आवाज बदलला होता. शेजारी अनुभवी ड्रायव्हर बसला होता, तो कण्हत होता, मान हलवत होता. मी काट्याकडं बघत राहिलो.

संध्याकाळी दुसऱ्यांदा पाणी सोडलं. विटकरी.

बुधवार, २ एप्रिल

वहिनी आता सगळ्यांना स्वतःच सांगतात. टेंभुर्णीहून माणसं भेटायला येतात, दादाच्या डेपोतले जुने कंडक्टर येतात. कुणी काही विचारायच्या आत —

"माज्यामुळं झालं. मी सदरा बदलत बसले."

आधी पावणेदोन तास म्हणत होत्या. आज एका बाईला म्हणाल्या, "दोन-अडीच तास." कुणी खोडून काढत नाही. ऐकणाऱ्या बायका हात धरतात, तोंडानं च्च करतात. एक म्हातारी म्हणाली, "असूंदे मनकर्णे, अडाण्याला काय कळतंय."

वहिनी चौथी पास आहेत. आमच्या घरात पहिलं वर्तमानपत्र आलं ते त्या लग्न होऊन आल्यावर. मी नववीत होतो. मला मोठ्यानं वाचायला लावायच्या आणि चुकलो की म्हणायच्या, "परत वाच."

मी तीन हातांवर उभा होतो. खिशात पेन होतं.

गल्लीत जयंतीच्या मांडवाचे खांब आले. वर्गणीला पोरं आली होती, दादाच्या दुखण्याचं कळल्यावर न मागताच परत गेली.

शुक्रवार, ४ एप्रिल

मेंदूच्या डॉक्टरांना एकटं गाठलं. बातमीसाठी विचारतो तसं विचारलं. समजा एक तास आधी आला असता तर?

"जर-तरला अर्थ नसतो."

"तरी."

त्यांनी फाइल पाहिली. "साडेअकरापर्यंत धड होते म्हणता. म्हणजे चारपर्यंत वेळ होती. सव्वातीन-साडेतीनला आले असते तर इंजेक्शन वेळेत बसलं असतं. मात्र गुण आलाच असता असं मी म्हणणार नाही. बऱ्याच जणांना येत नाही." मग म्हणाले, "घरच्या बाईंना मात्र हे सांगू नका. त्या आधीच खचल्यात."

तिथून सरळ गॅरेज. तिसऱ्यांदा धुणं चालू होतं. आता नळी उलटी लावली होती, खालून पाणी आत, वरून बाहेर. सुरुवातीला अगदी स्वच्छ आलं. मी म्हणालो, "झालं."

"थांबा." त्यानं गाडी चालू केली, तापू दिली, परत गार होऊ दिली. तासभर गेला. परत सोडलं. लाल.

"थंड असताना सगळ्याचं साफच येतंय सर."

आम्ही लिंबाखाली चहा घेतला. मी त्याला सगळं सांगितलं. मोहोळ, टोपण, काचेवरचा हात, दोन चाळीस, वहिनी. का सांगितलं, माहीत नाही. तो आमचा कुणी नाही म्हणूनच बहुतेक.

प्रभुलिंगनं बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "माझ्याकडं लोक येतेत. गाडी कशी बंद पडली विचारलं की म्हणतेत, अचानक. कुणीच सांगत न्हाय की आठ दिवस पाणी पीत होती."

"माझीही पीत होती. महिनाभर. रोज अर्धी बाटली घालायचो."

"ठाऊक हाय. पंप एका दिवसात असा होत न्हाय." उठला. "वहिनीला सांगा. आज सांगा. मी गाडी उद्या देतो."

आज सांगितलं नाही.

शनिवार, ५ एप्रिल

आधी सुमितला सांगावं, असं ठरवलं. तो घरी आला, डबा खाल्ला, माझ्या ताटलीतली भाकरी उरली होती ती उचलून खाल्ली. माझ्याकडं आला तेव्हापासून करतो. मग म्हणाला, "काका, तुम्ही वेळेवर आलात म्हणून निदान पोचले तरी पप्पा. आईवर सोडलं असतं तर..."

पाणी प्यायलो. उठलो.

गाडी तयार. नवा पंप, नवे पाईप, नवं टोपण, थर्मोस्टॅट. हिरवं कूलंट, शुद्ध पाण्यात मिसळलेलं. शेवटचं पाणी प्रभुलिंगनं काचेच्या ग्लासात धरून उन्हात दाखवलं. पिण्याच्या पाण्यासारखं. मला काहीच वाटलं नाही. त्यानं विचारलं, "सांगितलं?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं किल्ली हातात दिली नाही. बॉनेटवर ठेवली आणि दुसऱ्या गाडीकडं गेला.

रविवार, ६ एप्रिल

बोलायचा व्यायाम घेणाऱ्या चैताली मॅडम आल्या होत्या. दादाकडून 'आ' काढून घेतात. आज आवाज आला, शब्द नाही. "समजतं सगळं त्यांना," त्या म्हणाल्या. "बाहेर पडत नाही. सहा महिन्यांत येईल, वर्षानं येईल. नाहीही येणार कदाचित."

त्या 'आ' म्हणायला लावत होत्या तेव्हा मी दाराशी उभा होतो. मनातल्या मनात देवाला विनवत होतो. भाऊ बोलावा म्हणून, आणि बोलू नये म्हणून. दोन्ही एकाच वेळी. असं काही आपल्या आत असेल असं एकसष्टाव्या वर्षापर्यंत वाटलं नव्हतं.

त्या गेल्यावर दादापाशी बसलो. वहिनी खाली होत्या. कानाशी वाकून म्हणालो, "दादा, वहिनी स्वतःला दोष देतात. सांगू का त्यांना?"

त्यानं डोळे मिटले.

हो म्हणाला, नको म्हणाला, की दमला? डोळे उघडायची वाट पाहिली. झोपला होता.

जोतीरामला खरी वेळ माहीत आहे. तो दोनदा येऊन गेला. त्याला कुणी विचारत नाही आणि विचारल्याशिवाय बोलायची त्याची रीत नाही. मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेलो, दोन्ही वेळा. वाटेत कुणी भेटू नये म्हणून.

हे लिहिताना अक्षर नेहमीसारखंच येतंय. सरळ ओळीत.

सोमवार, ७ एप्रिल

सांगितलं. सकाळी, सुमित डिस्चार्जच्या कागदांना खाली गेला असताना. एक चाळीस, मोहोळ, टोपण, डॉक्टरांनी लिहिलेला आकडा, त्यावरचं माझं गप्प बसणं. वहिनी दादाच्या पायाला तेल लावत होत्या. हात थांबला नाही. पाऊल संपवून दुसरं घेतलं.

मग म्हणाल्या, "सुमितला सांगायचं न्हाय."

"वहिनी, तो तुम्हाला—"

"माज्यावर चिडलाय न्हवं? चिडू द्या. आईवर चिडलेलं पोरगं कुटं जातंय? जेवायच्या वक्ताला येतंयच. तुमच्यावर चिडला तर तुमच्या घरातनं उठंल. मग त्याला बाप बी न्हाय आन् काका बी न्हाय." बाटलीचं बूच लावलं. "तुमाला माफ केलं आसं समजू नगा."

उद्या अकराला दादाला सोडणार. डॉक्टरांनी सांगितलं, सिस्टरनीही सांगितलं. टेंभुर्णीला न्यायचं ठरलंय. वहिनी मागं, दादाला धरून. सुमित पुढं, माझ्या शेजारी. आईशी तो बोलत नाही, म्हणून सगळा रस्ता माझ्याशीच बोलेल.